समुद्रसपाटीच्या खाली

गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातली. शनिवारची रात्र होती, लेक झोपली होती, बायको फोनवर आईशी बोलत होती, आणि मी फ्लेवोलँड हा अख्खा प्रांत पाण्यात बुडवला. अल्मेरेला राहणाऱ्या मित्रमंडळींनी कृपया राग मानू नये. तुमची घरं, स्टेशन, भारतीय किराणा मालाचं दुकान, सगळं पाच मिनिटांत पाण्याखाली गेलं. माझा इलाज नव्हता. मला १९४० साली पोचायचं होतं आणि तेव्हा तुमचा प्रांत अस्तित्वातच नव्हता!

आता हे काय प्रकरण आहे ते नीट सांगतो.

२००६ च्या सुमारास मी नागपूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकत होतो. हॉस्टेलवर चौघांत मिळून एक कॉम्प्युटर होता आणि त्यावर 'आयएल-२ स्टुर्मोविक' नावाचा लढाऊ विमानांचा सिम्युलेटर. दुसऱ्या महायुद्धातली विमानं, खरीखुरी वाटणारी कॉकपिट आणि खाली पसरलेली जमीन. इतर मुलं विमानं पाडायची. मला मात्र खालच्या नद्या आणि गावं ओळखण्यातच जास्त मजा यायची. बरेचदा त्या नादात मीच पाडला जायचो. पुढे नोकरी, लग्न, परदेश या चक्रात ते सगळं मागे पडलं. २०१५ साली अ‍ॅमस्टेलव्हीनला आलो. आमच्या बाल्कनीतून स्खिपॉलला उतरणारी विमानं दिसतात. एका संध्याकाळी ती बघता बघता डोक्यात किडा वळवळला. याच आकाशात १० मे १९४० ला पहाटे जर्मन विमानं आली होती. त्या दिवशीचा हॉलंड सिम्युलेटरमध्ये उभा करता येईल का? मनात हिशोब केला, तीन महिने. लागली दोन वर्षं. आयटीवाल्यांचे अंदाज कसे असतात ते तुम्हाला माहीत आहेच!

सिम्युलेटरचा नकाशा म्हणजे मुळात काही चित्रं असतात. एका चित्रात उंची असते. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ छटा, जितका ठिपका उजळ तितकी जमीन उंच. दुसऱ्या चित्रात जमिनीचा प्रकार, म्हणजे शेत, कुरण, जंगल की गाव. तिसऱ्यात पाणी. माझ्या नकाशात एक ठिपका म्हणजे २०० मीटर गुणिले २०० मीटर, म्हणजे चार हेक्टर जमीन. मग वरून रस्ते, रेल्वे, पूल, घरं, चर्चचे मनोरे एकेक करून ठेवायचे. काम वेळखाऊ आहे पण अवघड नाही, असं मला वाटलं होतं.

पहिली ठेच लागली ती आकारात. २००० सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या 'एंडेव्हर' यानाने साठ मीटर लांबीचा दांडा अवकाशात पसरून, दोन रडारांनी अकरा दिवसांत पृथ्वीवरच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. हा डेटा फुकट मिळतो. अक्षांश-रेखांशाच्या चौकटीतला तो डेटा मी उचलला आणि तसाच नकाशात ओतला. हॉलंड असा काही जाडजूड झाला की बायको म्हणाली, "हा देश दिवाळीचं फराळ खाऊन आलाय का रे?" कारण साधं होतं. अक्षांशाचा एक अंश कुठेही गेलात तरी सुमारे १११ किलोमीटरचा असतो, पण रेखांशाचा अंश उत्तरेकडे जाताना आखडत जातो. नागपूरजवळ तो १०४ किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे चूक झाली तरी पटकन डोळ्यात भरत नाही. इथे मात्र तो जेमतेम ६८ किलोमीटर आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना काहीतरी गमवावंच लागतं. शाळेत भूगोलाच्या पेपरात हे वाक्य मी दोन मार्कांसाठी लिहिलं होतं, त्याचा अर्थ आत्ता कळला.

डच लोकांनी हा प्रश्न कसा सोडवला ते शोधायला गेलो आणि इतिहासात शिरलो. लायडनच्या विलेब्रॉर्ड स्नेलने (लॅटिन नाव स्नेलियस, बारावीच्या फिजिक्समधला प्रकाशाच्या वक्रीभवनाचा नियमवाला तोच!) १६१५ च्या सुमारास अल्कमारपासून बर्गन ऑप झोमपर्यंत त्रिकोणांची साखळी मांडली. डोंगर नाहीत, मग उंच जागा कुठून आणायची? त्याने चर्चचे मनोरे घेतले. एका मनोऱ्यावर चढायचं, दुसरे दोन बघायचे, कोन मोजायचा. एका बाजूची लांबी नीट मोजली की बाकीच्या हिशोबाने निघतात. यातून त्याने पृथ्वीचा आकार काढला आणि १६१७ साली पुस्तक लिहिलं. उत्तर तीन-साडेतीन टक्क्यांनी कमी आलं, पण पद्धत पक्की होती. आजही डच नकाशांची मोजणी आमर्सफोर्टच्या एका जुन्या चर्चच्या मनोऱ्यापासून होते. ते चर्च अठराव्या शतकातच उद्ध्वस्त झालं, मनोरा तेवढा उभा आहे. मी माझा नकाशा त्या मनोऱ्याला टांगला आणि देश एकदम सडपातळ झाला.

इथे मला माझं गाव आठवलं. मी हिंगणघाटचा. वर्धा जिल्ह्यातलं कापसाचं गाव. भारताची त्रिकोणी मोजणी करणारा विल्यम लॅम्बटन आमच्या गावात वारला, २० जानेवारी १८२३ ला, हैदराबादहून नागपूरला जाता जाता. तिथेच त्याची कबर आहे. त्याने १० एप्रिल १८०२ ला मद्रासजवळ पहिली रेषा मोजायला घेतली, आणि अर्धा टन वजनाचं कोनमापक यंत्र घेऊन वीस वर्षं तो उत्तरेकडे सरकत राहिला. दक्षिणेत डोंगर नव्हता तिथे त्याने देवळांची गोपुरं वापरली. १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढवताना ते यंत्र आपटून वाकलं, तर ते त्याने स्वतः बसून दुरुस्त केलं. त्याच्याच कामाच्या पुढच्या टप्प्यात हिमालयातल्या त्या शिखराची उंची निघाली आणि नाव मिळालं त्याच्यानंतर आलेल्या एव्हरेस्टचं. आमच्या वाट्याला कबर आली. हिंगणघाटला शाळेत असताना मला हे कोणी सांगितलं नाही. अ‍ॅमस्टेलव्हीनला बसून, डच मनोऱ्याच्या नादाने कळलं.

आकार जमला, मग उंची. आणि इथे खरी गंमत झाली.

आमच्या घराजवळ अ‍ॅमस्टरडॅमसे बोस हे मोठं जंगल आहे. आपल्यातले बरेच जण तिथे मुलांना घेऊन जातात. माझ्या उंचीच्या चित्रात तिथे एक छान टेकडी दिसायला लागली. अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये टेकडी! नंतर डोक्यात प्रकाश पडला. रडारला झाडांचे शेंडे दिसतात, खालची जमीन नाही. ती टेकडी झाडांची होती. आणि १९४० साली ती झाडंही नव्हती. हे जंगल माणसांनी लावलेलं आहे. मंदीच्या काळात बेकारांना काम द्यायचं म्हणून १९३४ पासून हजारो माणसांनी फावड्यांनी खणून, माती वाहून ते तयार केलं. बोसबान हा नौकाशर्यतींचा सरळसोट कालवासुद्धा तेव्हाच हातांनी खणलेला. म्हणजे १९४० च्या वैमानिकाला वरून जंगल दिसलं नसेल. चिखल, नवे रस्ते आणि रोपं दिसली असतील. मी टेकडी खोडली, जंगल खोडलं, रोपं लावली.

मग लेसरने विमानातून मोजलेला डच सरकारचा उंचीचा डेटा घेतला. तोही सर्वांना मोफत आहे आणि तो झाडं वगळून जमीन दाखवतो. तो नकाशात भरला, सिम्युलेटर चालू केला, स्खिपॉलवर विमान न्यावं म्हणून वळलो, तर खाली तलाव! धावपट्टी नाही, शेतं नाहीत, नुसतं पाणी. दोन तास प्रोग्रॅममधली चूक शोधत बसलो. चूक प्रोग्रॅममध्ये नव्हतीच. सिम्युलेटरच्या दृष्टीने शून्य म्हणजे समुद्र, आणि शून्याच्या खाली जमीन असू शकते हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. स्खिपॉल तर समुद्रसपाटीच्या तीन मीटरहून थोडं जास्तच खाली आहे. वैमानिकांच्या तक्त्यात त्याची उंची उणे ११ फूट अशी छापतात. सिम्युलेटरने प्रामाणिकपणे तिथे पाणी भरलं होतं.

आणि गंमत म्हणजे ते खोटंही नव्हतं. तिथे खरोखरच तलाव होता. हार्लेमरमेर त्याचं नाव. दर वादळात तो काठची जमीन खात पसरायचा. १८३६ च्या नोव्हेंबर आणि डिसेंबरमधल्या वादळांत त्याचं पाणी एकदा अ‍ॅमस्टरडॅमच्या आणि एकदा लायडनच्या वेशीपर्यंत पोचलं, तेव्हा सरकारने ठरवलं की आता हा तलावच नको. भोवती सुमारे साठ किलोमीटरचा कालवा खणला. हाच रिंगफार्ट. तीन वाफेची पंपघरं बांधली, लेखवाटर, क्रुकियस आणि लाइन्डन, आणि १८४९ ते १८५२ अशी तीन वर्षं तलाव उपसला. निघालेली जमीन सुमारे १८,००० हेक्टर. क्रुकियसचं ते प्रचंड इंजिन आजही म्युझियममध्ये बघायला मिळतं, पाहुणे आले की जरूर न्या. जमिनीचे तुकडे पाडले ते १००० मीटर गुणिले २०० मीटरचे, वीस-वीस हेक्टरचे. माझ्या नकाशात एक शेत म्हणजे बरोबर पाच ठिपके! असं फुकटचं सुख या कामात फार क्वचित मिळालं. तर तीन वर्षांत उपसलेला तलाव मी १७० वर्षांनी एका क्लिकने परत भरला होता.

यावर उपाय एकच सुचला. सगळा देशच वर उचलायचा. रॉटरडॅम आणि गौडाच्या मधली सगळ्यात खोल जागा पावणेसात मीटर खाली आहे, म्हणून सगळीकडे आठ मीटर मिळवले. पाणी ओसरलं. किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्या होत्याच, त्यामुळे तिथेही फार विचित्र दिसलं नाही. मी खूश झालो. यात काहीतरी हरवलं आहे हे मला तेव्हा कळलं नाही. ते पुढे येईल.

उंचीनंतर काळ. आजच्या उपग्रहाच्या फोटोत १९४० शोधायचं म्हणजे पुसण्याचंच काम जास्त. फ्लेवोलँड पुसला. त्याची बहुतेक जमीन १९५७ आणि १९६८ साली पाण्यातून बाहेर आली आणि प्रांत झाला १९८६ साली. पण आफ्स्लाउटडाइक हा मोठा बांध ठेवला, तो १९३२ सालीच पूर्ण झाला होता. अ‍ॅमस्टरडॅम-ऱ्हाइन कालवा पुसला, तो १९५२ चा. आजचं स्खिपॉल पुसलं. १९६७ पर्यंत विमानतळ आत्ताच्या पूर्व बाजूला, म्हणजे आपल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या अंगाला होता. लष्कराची पहिली विमानं तिथे १९१६ साली शेतातच उतरली होती. शेवटी अ‍ॅमस्टेलव्हीनही पुसलं. तेव्हा नगरपालिकेचं नावसुद्धा वेगळं होतं, नीऊवर-आम्स्टल, १९६४ पर्यंत. आमच्या इमारतीच्या जागी जुन्या नकाशात कुरण आणि पाण्याचे चर. ज्या टेबलावर बसून नकाशा काढत होतो ते टेबल गायींच्या कुरणावर अधांतरी तरंगत होतं म्हणायचं!

हे जुने नकाशे मिळाले कुठून? डच भूमापन खात्याने दोनशे वर्षांचे नकाशे सगळ्यांसाठी खुले केले आहेत. साल सरकवायचं, की आपल्याच गल्लीचं लहानपण दिसतं. हे नकाशे मुळात युद्धखात्याने काढलेले होते. कुठे सैन्य चालेल, कुठे रुतेल, कुठली जमीन पाण्याखाली घालता येईल यासाठी. कारण पाणी हेच डचांचं जुनं शस्त्र. शत्रू आला की बांध उघडायचे आणि जमिनीवर गुडघाभर पाणी सोडायचं. चालायला खोल, होडीला उथळ. अ‍ॅमस्टरडॅमभोवती १३५ किलोमीटरचं असं किल्ल्यांचं कडं होतं, १९९६ साली ते जागतिक वारसा झालं. पण विमानाला गुडघाभर पाण्याने काय होणार?

आता १० मे. पहिली मोहीम मांडली ती वेळेवरच अडखळली. डच वर्णनांत हल्ला पहाटे ३:५५ चा, जर्मन वर्णनांत ५:३५ चा. मला वाटलं दोन वेगळे हल्ले असणार. ३:५५ लावून उडालो तर मिट्ट काळोख! मग उलगडा झाला. तेव्हा हॉलंडची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या २० मिनिटं पुढे. जर्मनीत उन्हाळी वेळ चालू होती, ग्रिनिचच्या दोन तास पुढे. फरक १ तास ४० मिनिटं. म्हणजे दोन्ही वेळा एकच. आजच्या आपल्या घड्याळात ते ५:३५ होतात, सूर्योदयाच्या साधारण वीस मिनिटं आधी. नुसतं उजाडायला लागलेलं. १६ मे १९४० ला जर्मनांनी इथली घड्याळं १ तास ४० मिनिटं पुढे केली. जुनी डच वेळ नंतर परत आलीच नाही. आपण दिवाळीच्या आसपास घड्याळं मागे-पुढे करताना कुरकुरतो, त्या वेळेच्या मागे हेही आहे.

ती विमानं आली कुठून तर पश्चिमेकडून. रात्री हॉलंड ओलांडून ती उत्तर समुद्रावर गेली. वाटलं इंग्लंडला चालली आहेत. मग वळली आणि समुद्राकडून परत आली. स्खिपॉल, बर्गन, रॉटरडॅमचं वालहाव्हन अशा विमानतळांवर एकदमच बॉम्ब पडले. स्खिपॉलहून फोकर कंपनीची डी-२१ विमानं, चाकं आत न जाणारी, तरी उडाली आणि लढली. हेगभोवती जर्मन छत्रीधारी उतरले, राणी आणि सरकार पकडायला. तिथे फाल्केनबर्ख नावाचा विमानतळ नुकताच बांधायला घेतला होता. जमीन अजून बसली नव्हती. सैनिकांनी भरलेली जड युंकर्स ५२ विमानं उतरली आणि चाकं आसापर्यंत रुतली. ती उडेनात, म्हणून मागून येणाऱ्यांना उतरायला जागा नाही. कोणी समुद्रकिनाऱ्यावर उतरलं, कोणी हेग-रॉटरडॅम महामार्गावर. हेग घेण्याचा बेत त्या दिवशी फसला, त्यात डच सैनिकांच्या प्रतिहल्ल्याबरोबर चिखलाचाही वाटा आहे.

आणि माझ्या सिम्युलेटरमध्ये? सगळं गवत सारखंच टणक. फाल्केनबर्खला युंकर्स उतरवलं, टॅक्सी करत कोपऱ्यात नेलं आणि आरामात परत उडवलं. नकाशा कितीही बरोबर काढा, जमीन ओली आहे हे त्यात येत नाही. माझे आजोबा पटवारी होते. ते म्हणायचे, "कागदावरची जमीन अन् पायाखालची जमीन येगळी असते बाबू." त्यांचा संदर्भ बांधाच्या भांडणांचा होता, पण लागू इथेही पडलं.

याच सुमारास एक पार्सल आलं. नवी जॉयस्टिक. मी घरी नव्हतो, म्हणून इथल्या रीतीप्रमाणे ते तळमजल्यावरच्या शेजारणीकडे ठेवलं गेलं. त्या नव्वदीच्या आहेत. माझी लेक त्यांना ओमा म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो. पार्सल घ्यायला गेलो तर त्यांनी विचारलं, आत काय आहे? माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये सांगितलं. सांगताना लाज वाटली. ज्या बाईने युद्ध पाहिलं तिला मी सांगतोय की मी त्याचा खेळ करतोय! त्या काही बोलल्या नाहीत. रविवारी संध्याकाळी मात्र काठी टेकत वर आल्या आणि म्हणाल्या, दाखव.

मी विमान स्खिपॉलच्या दक्षिणेला नेलं. ओमांचं लहानपण हार्लेमरमेरमध्ये, रिंगफार्टच्या बांधाला लागून असलेल्या घरात गेलेलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग बोट ठेवून म्हणाल्या, "हे चुकलंय. पाणी वर असायला हवं." मला समजेना. त्यांनी हातानेच दाखवलं. एक हात खाली, ते घर. दुसरा हात त्याच्या वर, तो कालवा. "आम्ही स्वयंपाकघरातून वर बघायचो आणि बोटी जायच्या."

मी देश आठ मीटर उचलला होता ना, त्यात हेच हरवलं होतं. माझ्या नकाशात पाणी सगळ्यात खाली आणि जमीन वर, जगातल्या कुठल्याही देशासारखी. घरं खाली आणि पाणी डोक्यावर, रात्रंदिवस पंप चालू म्हणून आपण कोरडे, हे जे इथलं खरं आहे तेच मी पुसून टाकलं होतं. आणि आपणही त्याच जमिनीवर राहतो, गृहकर्ज घेऊन!

१० मे बद्दल मी काही विचारलं नाही. त्यांनी आपणहून सांगितलं. त्या पाच वर्षांच्या होत्या. मोठा आवाज झाला आणि आईने त्यांना बांधाच्या उतारावर गवतात पालथं झोपवलं. आल्समेरच्या काकांच्या काचघराच्या काचा फुटल्या होत्या, त्या काका नंतर कितीतरी दिवस मोजत होते. एवढंच. मग विचारलं, "रॉटरडॅम पण आहे का यात?"

होतं. रॉटरडॅमवर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती. जुन्या गल्ल्या, बंदरं, सेंट लॉरेन्स चर्च. १४ मे १९४० ला दुपारी दीडच्या सुमारास, शरणागतीची बोलणी चालू असताना, हाइन्केल विमानांनी ते जुनं शहर जाळलं. थांबा म्हणून जमिनीवरून लाल दिवे उडवले गेले. एक गट ते पाहून फिरला, दुसऱ्याला दिसले नाहीत. आठशेहून जास्त माणसं मेली, सुमारे ८०,००० बेघर झाली, २५,००० च्या आसपास घरं गेली. दुसऱ्या दिवशी हॉलंडने शस्त्रं ठेवली. आज आपण रॉटरडॅमला जाऊन उंच इमारतींचे फोटो काढतो, त्या इमारती तिथे असण्याचं कारण हे.

माझ्याकडे त्या दुपारची मोहीम जवळजवळ तयार होती. हाइन्केलमध्ये बसायचं, नदी ओलांडायची, बटण दाबायचं. तांत्रिकदृष्ट्या उत्तम चालत होती. ओमांना मी "हो, आहे" एवढंच म्हणालो. त्या म्हणाल्या, "जळण्याच्या आधीचं?" मी हो म्हटलं. "मग ते तसंच ठेव." आणि चहा न घेता गेल्या.

त्या रात्री मी ती मोहीम काढून टाकली. यात फार मोठेपणा नाही हे मलाही कळतं. नकाशा एकदा दुसऱ्याच्या हातात गेला की तो त्यावर काय उडवेल ते माझ्या हातात नाही. नकाशांचा इतिहासच तसा आहे. लॅम्बटन स्वतः १७९९ च्या टिपूविरुद्धच्या युद्धात लढलेला. त्याचे त्रिकोण शास्त्रासाठी होते तसे राज्य चालवायलाही होते. डच युद्धखात्याने काढलेला नकाशा आज ओमांच्या लहानपणीचं घर दाखवतो. तो कोण, कशासाठी वापरतो याची जबाबदारी काढणाऱ्यावर किती, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी माझ्या नकाशाची तारीख ठरवली, ९ मे १९४० ची संध्याकाळ. सगळं जागेवर असलेली शेवटची संध्याकाळ.

रिंगफार्टचं पुढचं सांगतो. सिम्युलेटरमध्ये पाणी शून्याच्या वर ठेवता येत नाही, म्हणून मी खरं पाणी ठेवलंच नाही. बांधाची उंच पट्टी केली आणि तिच्या माथ्यावर कालव्याचं चित्र रंगवलं. जवळ गेलं की लबाडी कळते, विमान त्या 'पाण्यावर' आपटून उभं राहतं. पण तीनशे मीटरवरून उडताना शेतं खाली दिसतात आणि त्यांच्या वर, कडेने, चमकणारी पट्टी. ओमांना पुन्हा बोलावलं. त्यांनी बघितलं आणि मान हलवली. बरोबर आहे असं म्हणाल्या नाहीत, चूक आहे असंही म्हणाल्या नाहीत. डच माणसाकडून एवढं पुष्कळ झालं.

बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "काऊन रे, एवढं शिकून तिथं दुसऱ्याच्या गावचे नकाशे काढतो काय?" खोचक होतं, पण मनाला लागलं. म्हणून पुढचा नकाशा ठरवला आहे, १८ डिसेंबर १९६१ चा गोवा. पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा विमानांनी त्या सकाळी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले आणि दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. पुसण्याचं काम सुरू केलंय. कोकण रेल्वे नाही. मोपाचा विमानतळ नाही. मांडवीवर पूल नाही, झुआरीवर पूल नाही. दोन्हीकडे फेरीबोट. सह्याद्रीचे कडे रडारला नीट दिसत नाहीत, ते हाताने काढावे लागणार आहेत. तुमच्यापैकी कोणाचे आई-बाबा, आजी-आजोबा १९६१ साली गोव्यात, सावंतवाडीत किंवा बेळगावात असतील, तर मला त्यांच्याशी एकदा बोलायचं आहे. दिवाळीच्या कार्यक्रमात मी चहाच्या टेबलाजवळच सापडेन. घर कुठे होतं आणि खिडकीतून काय दिसायचं, एवढंच विचारणार आहे.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा! अल्मेरेकरांना जरा जास्तच.